विधी शाखेचे शेवटचे वर्ष: नोकरीच्या अर्जासाठी गुण सांभाळावेत की कामाचा अनुभव?

टॉवेल_हिशेब (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापुरात तीन वर्षांच्या एलएल.बी. अभ्यासक्रमाच्या पाचव्या सत्रात नुकताच प्रवेश घेतला आहे. पहिल्या दोन सत्रांत मला अनुक्रमे 68 आणि 66 टक्के गुण होते. तिसऱ्या सत्रात ते 57 वर आले आणि एका विषयाची एटीकेटी लागली (ती पुढच्याच परीक्षेत सुटली, 57 हा आकडा ती सुटल्यानंतरचा आहे). चौथ्या सत्रात 58 मिळाले. घसरण कशामुळे झाली हे मला नीट ठाऊक आहे. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला वडिलांचे यंत्रमागावरचे काम सुटले आणि तेव्हापासून मी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत, टेरी टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात दुपारी बारा ते सहा या वेळेत हिशेबाचे काम करते. महिना नऊ हजार रुपये मिळतात आणि ते घरात लागतात.

याशिवाय गेल्या दीड वर्षापासून दर रविवारी मी कुंभारीच्या विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) जाते. तेथे विडी वळणाऱ्या बायकांच्या भविष्य निर्वाह निधीच्या आणि निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत मदत करते. आमच्या घरी तेलुगू बोलली जाते, त्यामुळे ज्या बायकांना मराठी अर्ज वाचता येत नाही त्या माझ्याकडे येतात. आता तिसरी गोष्ट अशी, की दिवाणी बाजूची वकिली करणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलांनी मला सायंकाळी सात ते नऊ त्यांच्या कार्यालयात बसण्यास सांगितले आहे. सकाळी महाविद्यालय, दुपारी कारखाना, सायंकाळी कार्यालय आणि रविवारी घरकुल असे चारही सांभाळले, तर अभ्यासाला रात्री दहानंतरचाच वेळ उरतो.

मला पदवीनंतर पुण्यात एखाद्या कंपनीच्या विधी विभागात किंवा मध्यम आकाराच्या लॉ फर्ममध्ये नोकरी हवी आहे. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेचा विचारही मनात आहे. उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी तीन ठिकाणी अर्ज केले होते. दोन ठिकाणांहून उत्तर आले नाही आणि तिसऱ्या ठिकाणी दूरध्वनीवर "आधी सगळ्या सत्रांची गुणपत्रके पाठवा" एवढेच सांगण्यात आले. ज्येष्ठ वकील म्हणतात, कोर्टात मार्क कोणी विचारत नाही. महाविद्यालयातील शिक्षक म्हणतात, गुण गेले की सगळे गेले. माझे दोन प्रश्न आहेत. यांतले काय सोडावे? आणि अर्जात त्या दोन सत्रांविषयी काही लिहावे की गप्प बसावे?

काळा_कोट_तेवीस_वर्षे

मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात तेवीस वर्षे दिवाणी बाजूचे काम करतो. तुमच्या ज्येष्ठांचे म्हणणे खरे आहे, पण ते त्यांच्या दारापुरते खरे आहे. माझ्याकडे जुनिअर म्हणून येणाऱ्या मुलामुलींना मी आजवर कधी गुणपत्रक मागितलेले नाही. मी त्यांच्यापुढे एखाद्या वाटपाच्या दाव्याचे कागद ठेवतो, त्यात सात-बारा, फेरफार, खरेदीखत, वारस नोंद असे सारे असते, आणि विचारतो की या जमिनीला पहिले नाव कोणाचे लागले आणि ते कोणत्या फेरफाराने गेले. ज्याला हे अर्ध्या तासात सांगता येते त्याला मी दुसऱ्या दिवशी येण्यास सांगतो. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेली, पण फेरफाराचा उतारा उलटा धरणारी मुले मी पाहिली आहेत. (उलटा धरणे येथे शब्दशः घ्यावे.)

न्यायाधीशाच्या परीक्षेविषयी मात्र चित्र बदललेले आहे आणि ते तुम्ही लक्षात घ्यावे. पूर्वी आपल्या राज्याच्या नियमांत ताज्या पदवीधरांसाठी वेगळी वाट होती; त्या वाटेने जायचे तर पदवीच्या सर्व परीक्षा पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेल्या असाव्यात आणि अंतिम वर्षाला किमान 55 टक्के गुण असावेत अशी अट होती. म्हणजे तुमच्या त्या एका एटीकेटीने ते दार कायमचे लागले असते. 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आणि ताज्या पदवीधरांना थेट परीक्षेला बसण्याची सोय संपली. त्यामुळे तुमच्यासारख्या मुलीचे त्या एटीकेटीने होणारे नुकसान पुष्कळ कमी झाले, आणि न्यायालयात उभे राहण्याच्या अनुभवाची किंमत वाढली. उच्च न्यायालयातील विधी लिपिक पदाच्या जाहिरातींत मात्र अंतिम परीक्षेत किमान 55 टक्के आणि तेही पहिल्या प्रयत्नात ही अट मी वाचलेली आहे. त्या निकालानुसार न्यायाधीशांकडे विधी लिपिक म्हणून केलेले काम तीन वर्षांत मोजले जाते, म्हणून ते दार उघडे ठेवणे तुमच्या हिताचे आहे. आता शेवटच्या वर्षात एटीकेटी लागू देऊ नका, एवढे त्यावरून धडधडीत दिसते.

आणखी एक. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे पीठ) कोल्हापुरात सुरू झाले आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. आमच्या पिढीला उच्च न्यायालयाचे काम पाहायचे तर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई गाठावी लागे आणि तेथे कोणाकडे उतरायचे हा पहिला प्रश्न असे. तुमच्या इंटर्नशिपचे जे आठवडे शिल्लक असतील ते कोल्हापुरात अपिलाचे काम करणाऱ्या वकिलांकडे घालवा.

माझे मत विचाराल तर कारखाना सोडा आणि दिवसा कोर्टात या. सायंकाळच्या दोन तासांत कार्यालयाची फाईल कळते, कोर्ट कळत नाही.

हुतात्माने_पुण्याला

मी मूळची सोलापूरची, जुळे सोलापुरातली. गेली नऊ वर्षे पुण्याजवळ एका उत्पादन कंपनीच्या विधी विभागात आहे आणि नवीन उमेदवारांचे अर्ज पहिल्यांदा वाचण्याचे काम माझ्याकडेच असते. वरील सरांविषयी पूर्ण आदर ठेवून त्यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी असहमत आहे, आणि का ते सविस्तर लिहिते.

प्रथम गुण. आमच्याकडे अर्जांचा गठ्ठा येतो तेव्हा तो आधी मनुष्यबळ विभागाकडून चाळला जातो, आणि चाळणीचे भोक बहुतेक ठिकाणी 60 टक्के हे असते. चाळणारी व्यक्ती वकील नसते. तिला विडी घरकुल म्हणजे काय हे कळण्याचे कारण नाही, तिला फक्त आकडा दिसतो. तेव्हा तुमचा आकडा मांडून पाहू. सर्व सत्रांचे एकूण गुण सारखे धरले, तर चार सत्रांची बेरीज 249 होते. सहा सत्रांची सरासरी 60 येण्यासाठी 360 हवेत, म्हणजे उरलेल्या दोन सत्रांत मिळून 111, सरासरी 55.5. तुम्हाला दोन्ही सत्रांत 55 मिळाले तर एकूण 59.83 होतील आणि तुमचा अर्ज माझ्या टेबलापर्यंत पोहोचणारच नाही. दोन्हींत 65 मिळाले तर 63.17. या दोन आकड्यांत फार मोठे अंतर नाही, पण एक 60 च्या वर आहे आणि दुसरा खाली. 63 चे 68 करण्यासाठी जिवाचे रान करण्याची गरज नाही. त्याने माझ्यासारख्या वाचणाऱ्याचे मत बदलत नाही. मुंबईच्या अगदी मोठ्या फर्मची गोष्ट निराळी. तेथे वरच्या काही क्रमांकांतल्या मुलांनाच बोलावतात आणि ते बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या इंटर्नशिपमधूनच ठरलेले असते. त्या रांगेत आज उभे राहून उपयोग नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

चाळणीतून अर्ज खाली आला की मग मी गुणपत्रकाकडे वेगळ्या नजरेने पाहते. एकूण टक्क्यांपेक्षा चढउतार पाहते, आणि कराराचा कायदा, कंपनी कायदा, दिवाणी प्रक्रिया संहिता या विषयांत काय मिळाले ते पाहते. 68, 66, 57, 58 आणि पुढे 64, 66 अशी रांग दिसली, तर मधल्या वर्षी घरात काहीतरी झाले असावे आणि मुलगी सावरली, हे मला कोणी न सांगता कळते. 68, 66, 57, 58, 55, 56 अशी रांग दिसली तर अर्जातले कोणतेही स्पष्टीकरण मला पटवू शकत नाही. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर पाचव्या सत्राच्या निकालात आहे. उरलेले निम्मे असे, की गप्प बसू नका, पण एका वाक्यापलीकडे जाऊ नका. "दुसऱ्या वर्षापासून शिक्षणासोबत दररोज सहा तास नोकरी करत आहे" एवढे लिहिले की वाचणारा तारखा जुळवून पाहतो. वडिलांचे काम सुटले ही गोष्ट मुलाखतीत विचारले तर सांगावी, अर्जात लिहू नये. आणि एटीकेटी लपवू नये. गुणपत्रकावर ती दिसतेच, आणि विधी विभागात माहिती दडवणारा माणूस कोणालाच नको असतो.

आता कारखान्याविषयी. ही नोकरी तुम्ही अर्जात "हिशेबनीस, अर्धवेळ" अशी एका ओळीत लिहिली असेल अशी माझी पैज आहे. तसे लिहू नका. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहणाऱ्या व्यक्तीच्या हातून काय काय जाते याचा विचार करा. परदेशी ग्राहकाची खरेदी मागणी, बँकेचे पतपत्र, माल उशिरा गेल्यास कापली जाणारी रक्कम, सूत पुरवणाऱ्यांची थकलेली बिले, वटला नाही म्हणून परत आलेला धनादेश. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 च्या कलम 15 प्रमाणे सूक्ष्म किंवा लघू पुरवठादाराचे पैसे करारात काहीही लिहिले तरी 45 दिवसांपलीकडे थकवता येत नाहीत, आणि थकवले तर कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. चांगले गुण मिळवलेल्या मुलांना ही कलमे पाठ असतात. पण सूत व्यापारी चाळिसाव्या दिवशी दूरध्वनीवर काय बोलतो आणि त्यावर कारखाना काय उत्तर देतो हे तुम्ही ऐकलेले असते. कंपनीच्या विधी विभागाला नेमके हेच ऐकलेले माणूस हवे असते. कोणत्याही दोन इंटर्नशिपपेक्षा ही नोकरी मला जास्त मोलाची वाटते, आणि सर, म्हणूनच मी ती सोडू नका म्हणते. घरात पैसे लागतात हा भाग तर आहेच; जुनिअरला सुरुवातीची वर्षे काय मिळते हे आपण सगळेच जाणतो.

रविवारच्या कामाचेही तेच. "विडी कामगारांसाठी सामाजिक कार्य" असे लिहिले तर वाचणारा पुढे सरकतो. त्याऐवजी असे काही लिहा: "भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीतील नाव आणि आधारवरील नाव यांत तफावत असलेल्या महिला कामगारांची कागदपत्रे तपासून जॉइंट डिक्लेरेशन आणि निवृत्तिवेतनाचा नमुना 10-डी भरण्यास मदत, संभाषण तेलुगू आणि मराठीत." किती जणींची कागदपत्रे पाहिली तो खरा आकडा वहीत असेल तर लिहा, नसेल तर अंदाजे आकडा लिहू नका, कारण मी मुलाखतीत तोच विचारते. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले केंद्राचे कायदे) लागू झाल्यामुळे कामगारांच्या कागदपत्रांची समज असलेली माणसे कंपन्यांना हवीच आहेत. तुम्ही हे काम कामगारांच्या बाजूने केले म्हणून कंपनी नाराज होईल अशी भीती असेल तर ती काढून टाका. समोरची बाजू कशी विचार करते हे जाणणारी व्यक्ती आम्हाला उलट हवी असते.

एक सावधगिरी. नमुना म्हणून मसुदे मागितले जातात तेव्हा मुले ज्येष्ठांच्या कार्यालयातील खरी नोटीस पक्षकाराच्या नावासकट पाठवतात. मी असे दोन अर्ज बाजूला ठेवले आहेत. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 132 मधील गुप्ततेचे बंधन वकिलाच्या लिपिकाला आणि कर्मचाऱ्यालाही लागू आहे. नावे, गट क्रमांक, रकमा सगळे बदलून, ज्येष्ठांची परवानगी घेऊनच मसुदा द्यावा.

नवा_बँड

वरच्या चर्चेत मी दुसऱ्या टोकाचा साक्षीदार म्हणून बोलतो. मला पदवीला 74 टक्के होते आणि त्यांच्या जोरावर पुण्यातील एका छोट्या फर्ममध्ये मुलाखतीचे बोलावणेही आले. तेथे त्यांनी माझ्यापुढे एका दाव्याचा रोजनामा (न्यायालयातील कामकाजाची तारीखवार नोंद) ठेवला आणि विचारले की यात गेल्या सहा तारखांना काय झाले. मला तो वाचताच आला नाही. निशाणी 5 वर काय असते (सहसा तात्पुरत्या मनाईचा अर्ज), पुरसीस (न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन) कोण देते आणि कशासाठी, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) दाखल झाली की नाही हे कोठून कळते, यांपैकी एकाचेही उत्तर मला देता आले नाही. ज्यांनी मुलाखत घेतली ते सौजन्याने वागले, चहा दिला, आणि पुन्हा कधी बोलावले नाही.

माझ्या अर्जावर इंटर्नशिपही होत्या बरे का, सात होत्या. त्यांतल्या पाच ऑनलाइन, पैसे भरून घेतलेल्या, शेवटी रंगीत प्रमाणपत्र देणाऱ्या. ज्या दिवशी मला निशाणी 5 सांगता आली नाही त्या दिवशी ती सातही प्रमाणपत्रे टेबलावर माझ्या समोरच पडलेली होती. त्यामुळे सायंकाळचे ते दोन तास सोडू नका. आठवड्यात तीनच दिवस जा हवे तर.

निवृत्त_प्राध्यापक

विद्यार्थिनीच्या प्रश्नात गुण आणि अनुभव या दोन वेगळ्या पेट्या आहेत असे गृहीत धरले आहे. अभ्यासक्रमाच्या रचनेत त्या तितक्या वेगळ्या नाहीत. बार कौन्सिलच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे, ती एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा अधिक करता येत नाही, आणि संपूर्ण शिक्षणकाळात एकदा तरी विचारण न्यायालयात व अपिलात काम करणाऱ्या वकिलांकडे ती झालेली असावी लागते. त्याच नियमांतील मूट कोर्टच्या (सरावासाठी भरवलेल्या न्यायालयाच्या) 100 गुणांच्या प्रश्नपत्रिकेत तीन मूट कोर्टना 30, एक दिवाणी व एक फौजदारी अशा दोन खटल्यांच्या प्रत्यक्ष निरीक्षणाला 30, पक्षकाराची मुलाखत आणि दाव्यापूर्वीची तयारी यांच्या रोजनिशीला 30 आणि तोंडी परीक्षेला 10 गुण आहेत. म्हणजे ज्येष्ठांच्या कार्यालयात सायंकाळी पक्षकाराशी होणारे बोलणे तुम्ही त्याच रात्री वहीत उतरवले, तर तो अनुभवही होतो आणि गुणही. माझ्या अनुभवात पन्नास विद्यार्थ्यांपैकी पाच जण ही रोजनिशी खरोखर लिहीत. बाकीचे परीक्षेच्या आदल्या रात्री एकमेकांची उतरवत, आणि परीक्षकाला ते पहिल्या पानावरच कळत असे.

उपस्थितीची अट 70 टक्के आहे. सकाळची व्याख्याने झोपेमुळे बुडू लागली आहेत का, हे स्वतःशी प्रामाणिकपणे तपासा. गुणांची घसरण बहुधा तेथून सुरू होते.

रविवारच्या कामाबाबत माझी सूचना अशी, की ते नोंदीवर आणा. विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेत विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना सनद (वकिलीचा परवाना) मिळेपर्यंत विधी स्वयंसेवक म्हणून काम करता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून प्रशिक्षण घेतले, तर दीड वर्ष जे काम तुम्ही स्वतःच्या हौसेने करत आहात त्याला ओळखपत्र आणि कागद मिळेल. ते इंटर्नशिपच्या आठवड्यांत धरले जाईल का, हे महाविद्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे. तोंडी होकारावर विसंबू नये.

टॉवेल_हिशेब

सर्वांचे मनापासून आभार. ताईंनी केलेली बेरीज मी स्वतः कधी केलीच नव्हती, 59.83 हा आकडा वाचून रात्री झोप लागली नाही, पण निदान किती हवेत हे तरी कळले. सध्या असे ठरवले आहे: कारखाना चालू ठेवायचा, ज्येष्ठांच्या कार्यालयात सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीनच दिवस जायचे, आणि रविवार महिन्यातून दोनच, तेही परीक्षेच्या आधीचे सहा आठवडे बंद. घरकुलातल्या बायकांना हे सांगितले तेव्हा एक आजी म्हणाल्या, "परीक्षा दे आधी, आमची पेन्शन हजार रुपयेच आहे, ती कोठे पळून जाते?" प्राध्यापक सरांनी सांगितल्याप्रमाणे प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करणार आहे. इंटर्नशिपचे आठ आठवडे झाले आहेत, उरलेल्या चारांसाठी कोल्हापूरचा प्रयत्न करीन. कारखान्यात महिनाभराची रजा बिनपगारी मिळेल असे वाटते.

एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. ताईंचे उत्तर वाचून मी कारखान्याच्या मालकांशी बोलले. ते म्हणाले, पदवी झाली की पूर्ण वेळ ये, करार आणि वसुलीचे काम तुझ्याकडे देतो, पगार वाढवतो. ही नोकरी करता करता सनद घेऊन ठेवता येईल का? म्हणजे न्यायाधीशाच्या परीक्षेसाठीची तीन वर्षेही मोजली जातील.

काळा_कोट_तेवीस_वर्षे

नाही, आणि येथे चूक झाली तर ती फार महागात पडते. बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे वकिलाला पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली तर ते कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. आपल्या महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलचा नियम तर नोकरीत किंवा दुसऱ्या व्यवसायात असणाऱ्याला मुळात सनदच देत नाही, आणि तो नियम सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली डॉ. हनीराज चुलानी यांच्या प्रकरणात वैध ठरवला आहे. ते गृहस्थ डॉक्टर होते आणि वैद्यकी चालू ठेवून त्यांना वकिलीही करायची होती. सनदेच्या अर्जात नोकरीविषयी सरळ प्रश्न असतो. तेथे खोटे लिहून मिळवलेल्या सनदेवर तीन वर्षे मोजली, आणि पुढे निवडीच्या वेळी कागद तपासले गेले, तर परीक्षा जाते आणि सनदही जाते.

तेव्हा पदवीनंतर तुमच्यापुढे दोन वाटा असतील. कारखान्याची किंवा पुण्याच्या कंपनीची पूर्ण वेळ नोकरी धरली तर ती चांगली नोकरी आहे, पण ती वर्षे वकिलीत मोजली जाणार नाहीत. वकिली धरली तर पहिली वर्षे पैशाची ओढाताण होईल; त्यासाठी एक मार्ग सुचवतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयात (तेथून गरजू आरोपींना मोफत वकील मिळतो) सहाय्यक लोकअभिरक्षक पदासाठी शून्य ते तीन वर्षे फौजदारी वकिली केलेले उमेदवार घेतले जातात, आणि तेथे दरमहा मानधन असते. आरोपीशी तेलुगूत बोलू शकणारा वकील त्या कार्यालयाला आपल्या जिल्ह्यात किती उपयोगी पडेल, हे मी वेगळे सांगायला नको. बँकांच्या विधी अधिकारी पदाची आयबीपीएसची (बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेची) परीक्षाही पाहून ठेवा. तेथे विधी पदवी आणि वकील म्हणून नोंदणी मागतात, आणि निवड त्यांच्या लेखी परीक्षेवर व मुलाखतीवर होते. तुमच्या 57 ला तेथे कोणी हात लावणार नाही.

ताईंनी मला खोडून काढले ते योग्यच होते. कारखाना सोडा हे मी घाईने लिहिले.

हुतात्माने_पुण्याला

सर, खोडून काढणे वगैरे काही नाही, आपण दोघे वेगवेगळ्या दारांत उभे आहोत एवढेच. मालकांच्या प्रस्तावाला आज होकार किंवा नकार काहीच देऊ नका. सहाव्या सत्राचा निकाल लागेपर्यंत तो तसाच राहील. तोपर्यंत अर्धवेळ असतानाच वसुलीच्या नोटिसांचे मसुदे तयार करण्याचे काम मागून घ्या आणि ते तुमच्या सायंकाळच्या ज्येष्ठांकडून तपासून घ्या. पाचव्या सत्राचे गुण कळले की येथे लिहा, तेव्हा तुमचा अर्ज मी स्वतः वाचून देईन.

नवा_बँड

सनदेबद्दल एक भर. वकिली करण्याचे ठरवले तर निकालानंतर अर्ज लगेच करा. 2025 च्या त्या निकालात तीन वर्षे तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजायची असे म्हटले आहे, अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून नव्हे. मी आळसाने पाच महिने उशीर केला आणि ते पाच महिने गेले. शुल्कासाठी थांबण्याचेही कारण नाही: 30 जुलै 2024 च्या निकालानंतर नोंदणी शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 125 रुपये यांपेक्षा जास्त घेता येत नाही. कोणी इतर कोणत्या नावाखाली जास्त मागितले तर पावती मागा.